जुनाट दुखणं : मानसतज्ज्ञाकडे शेवटी पाठवायचं की पहिल्याच भेटीत?

रानजाई

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एका वेदना-सेवेत मानसतज्ज्ञ आहे. ही सेवा मोठ्या हॉस्पिटलात नाही, वस्तीतल्या आरोग्य केंद्रात चालते. गटाची सत्रं एका कम्युनिटी हॉलमध्ये होतात. टीममध्ये फिजिओ, नर्स, रोजची कामं जमवायला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, गोळ्यांचा हिशोब नीट लावून देणारी फार्मासिस्ट, ठरावीक दिवशी येणारे वेदनातज्ज्ञ डॉक्टर आणि आम्ही. जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, चिठ्ठी देतो आणि माणूस आमच्याकडे येतो. तीन महिन्यांच्या वर टिकलं की दुखणं जुनाट धरतात, पण आमच्याकडे येणाऱ्यांचं बहुधा वर्षानुवर्षांचं असतं. कंबर, मान, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखणं आणि थकवा), ऑपरेशननंतर मागे राहिलेली कळ, मधुमेहामुळे तळपायांची होणारी आग.

यातली बरीच माणसं माझ्या खोलीत येतात तीच दुखावलेली. एक्स-रे झाले, एमआरआय झाला, इंजेक्शनं झाली, 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' ऐकून झालं आणि मग कुणीतरी म्हणालं, 'आता सायकॉलॉजिस्टला दाखवा.' माणूस त्यातून एकच अर्थ काढतो : माझं कुणाला खरं वाटत नाही. तो राग रास्त आहे. तो पुरता ऐकून घेतल्याशिवाय पुढे काही होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मानसतज्ज्ञाला शेवटी, सगळे उपाय थकल्यावर आणू नये. फिजिओच्या शेजारी खुर्ची टाकून पहिल्याच भेटीत बसवावं. आम्ही जमेल तिथे अशी जोडभेट घेतो आणि तिथे संभाषणाचा सूरच वेगळा असतो.

म्हणून दोन प्रश्न. ज्यांनी जुनं दुखणं सोसलंय किंवा सोसताहेत : पहिल्याच भेटीत मानसतज्ज्ञ समोर असता तर तुम्हाला कसं वाटलं असतं? आणि महाराष्ट्रात या क्षेत्रात काम करणाऱ्यांना : तुमच्याकडे असं काही चालतं का, चालू शकेल का?

चहाबाज

चांगला विषय. वाचतोय.

गोदाकाठ

मी सोसणाऱ्यांपैकी. कंबर आणि डावा पाय, बरीच वर्षं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर : उठून निघून गेलो असतो.

एका डॉक्टरांनी माझा एमआरआय टेबलावर ठेवून बायकोकडे बघत सांगितलं, 'यांच्या डोक्यातून ते काढा, मग कंबर थांबेल.' माझ्याशी बोललेच नाहीत. त्या दिवसापासून 'मन' हा शब्द ऐकला की कानशिलं तापतात. चकती सरकलेली रिपोर्टात लिहिलेली आहे. ती काय मी मनाने सरकवली?

सौ_सांजवेळ

गोदाकाठ, +१. बायकांना तर हे पहिल्या दिवसापासून ऐकवतात. 'टेन्शन घेता का?' 'घरी काही आहे का?' 'वय झालं.' गुडघा मात्र कुणी हात लावून बघत नाही.

रानजाई

गोदाकाठ, तुम्ही उठून गेला असतात तर तुमचं बरोबर होतं. जे ऐकवलं गेलं तो उपचार नव्हता.

मी पहिल्या भेटीत काय सांगते ते लिहिते. दुखणं शंभर टक्के खरं आहे, यात मला शंका नाही. वेदनेची जी व्याख्या जगभर वापरतात ती १९७९ साली ठरली आणि २०२० साली सुधारली. दोन्हींत वेदना शारीरिक संवेदनाही आहे आणि भावनिक अनुभवही, असं एकाच वाक्यात म्हटलंय. 'किंवा' नाही. मन येतं ते दुखणं खोटं ठरवायला नाही. दुखण्याची वायरिंग मेंदू आणि मज्जारज्जूतून जाते, आणि झोप, भीती, काळजी, एकटेपण यांचा त्या वायरिंगवर परिणाम होतो, म्हणून येतं. दुखणं लांबलं की ही यंत्रणा हळवी होते. इजा भरून येते, तरी साधा स्पर्श, थोडं वाकणंसुद्धा कळ काढतं.

आता चकतीबद्दल. काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या मणक्याच्या स्कॅनचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. म्हणजे तुमच्या रिपोर्टातलं खोटं नाही. पण त्या चित्रावरून दुखणं किती आणि का, हे पुरतं कळत नाही. हे मी तुम्हाला धीर देण्यासाठी सांगतेय, तुमचं म्हणणं खोडायला नाही.

आणि एक सगळ्यांसाठी : कंबरदुखीबरोबर बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी झाली तर धागे वाचत बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

पंचगंगा_फिजिओ

कोल्हापूर जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. रानजाईताई, तुमचं पटतंय, पण इथलं चित्र सांगतो.

पेशंटला 'फोटो' हवा असतो. फोटो नाही काढला तर डॉक्टरला काही येत नाही. मग इंजेक्शन. मग कंबरेला पट्टा, तो वर्षानुवर्षं. माझ्याकडे येतात तोवर सहा जणांचा सल्ला एकच, 'वाकू नका, उचलू नका, आराम करा.' हे वाक्य मला सगळ्यात जास्त छळतं. भातलावणीला न वाकणारी बाई दाखवा मला.

आणि ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेली जोडपी. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. खाडा झाला की पैसे कापतात. बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. तिची मान आणि कंबर दुखते हे सांगायला स्कॅन लागत नाही आणि मानसतज्ज्ञही लागत नाही. तिला मी कोणत्या तोंडाने सांगू, की थोडं करा, थोडं थांबा?

सातपुडा

फिजिओसाहेबांनी नेमकं धरलं. मला तर या सगळ्या प्रकरणाचाच संशय येतो. माझा भाऊ तिकडेच आहे, मँचेस्टरजवळ. गोळ्या कमी करा, व्यायाम करा, गटात बसा. २०२१ मध्ये तिकडे नियमच काढला म्हणे की जुनाट दुखण्याला पॅरासिटामॉलसुद्धा द्यायचं नाही. हा पैसे वाचवायचा मार्ग नाही तर काय? दुखतंय त्याला गोळी द्या, बोधप्रद भाषण नको.

चहाबाज

वातावरण तापलंय, म्हणून एक निरीक्षण. आमच्या आजीचे गुडघे सोमवार ते शनिवार उठू देत नाहीत. रविवारी नातसून माहेरी जाते आणि आजी पत्ते खेळायला चार तास मांडी घालून बसते. 😀

सौ_सांजवेळ

चहाबाज, हसू आलं, पण याच वाक्यावर म्हाताऱ्या माणसांना घरोघरी 'ढोंगी' ठरवतात बरं का.

रानजाई

आधी आजी. सांजवेळ, तुम्ही म्हणता ते अगदी खरं. आजी ढोंगी नाहीत. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक दरवाजा असतो, आणि वेदनेचे संदेश वर किती जाऊ द्यायचे यावर मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही परिणाम होतो. पुढे तपशील बदलले, पण मूळ मुद्दा टिकला. पत्त्यांचा डाव रंगलाय, सोबत आहे, हसू आहे, तेव्हा दुखणं खरोखर कमी जाणवतं. दुसऱ्या दिवशी गुडघे त्याची वसुली करतात, तेही खरं. चहाबाज, आजींना पत्त्यांचे दिवस वाढवून द्या. मात्र मधे मधे उठवा.

आता सातपुडा. २०२१ ची सूचना नाइसची, म्हणजे उपचारांच्या सूचना काढणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेची आहे, एप्रिलमध्ये आली. ती 'प्राथमिक जुनाट वेदने'बद्दल आहे, म्हणजे दुसऱ्या एखाद्या आजाराने ज्याचा नीट उलगडा होत नाही असं दुखणं. संधिवात, कर्करोग, नसांच्या इजेचं दुखणं यांना ती लागू नाही. त्यात पॅरासिटामॉल, दाहशामक गोळ्या, अफूवर्गातली औषधं, गॅबापेंटिन वगैरे नव्याने सुरू करू नका असं आहे. व्यायाम, दोन प्रकारच्या मानसोपचार पद्धती, ॲक्युपंक्चर आणि काही नैराश्यविरोधी औषधं विचारात घ्या असं आहे. यावर इथे डॉक्टरांमध्येही जोरदार वाद झाला, कारण ज्यांना गोळीने खरंच आराम पडतो त्यांना भीती वाटली. ती भीती मी समजू शकते. चालू गोळ्या एकदम बंद करायला त्यात कुठेही सांगितलेलं नाही आणि कुणी तसं करूही नये. अफूवर्गातली गोळी अचानक तोडणं धोक्याचं आहे.

पण दुसरी बाजूही मी रोज बघते. मॉर्फिन या अफूवर्गातल्या औषधाचा डोस दिवसाला १२० मिलिग्रॅमच्या वर गेला की फायदा वाढत नाही आणि धोका मात्र वाढतो, असं इथल्या वेदनातज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. तरी माणसं त्यावर राहिलेली असतात. दिवसभर झापड, बद्धकोष्ठ, आणि दुखणं आहे तिथेच. बायको सांगते, 'हा खोलीत असतो पण नसतो.' अशा माणसाच्या गोळ्या फार्मासिस्ट इंचाइंचाने उतरवते आणि त्या काळातली झोप, चिडचिड, भीती आम्ही सांभाळतो. हे स्वस्तातलं काम नाही. एकाच माणसावर पाच जणांचा वेळ जातो.

नवी_पालवी

मी मानसशास्त्रात एमए करतेय, मुंबईत. तुम्ही दिवसभर नेमकं काय करता? आणि यात यायला काय लागतं?

रानजाई

पालवी, दिवस सांगण्यापेक्षा एक सत्र सांगते. (माणूस खरा नाही, अनेकांचं मिळून केलेलं चित्र आहे.)

हॉलमध्ये गोलात खुर्च्या. पहिला नियम : बसा, उभे राहा, फेऱ्या मारा, मागे चटईवर आडवे व्हा, परवानगी मागायची नाही. दहा मिनिटांत निम्मा गट उभा असतो. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा या माणसांना कुणाच्या नजरेला उत्तर द्यावं लागत नाही. एकीला विचारलं, चांगला दिवस कसा जातो? म्हणाली, दुखणं जरा कमी वाटलं की सकाळीच सगळं घर काढते. पडदे धुते, फ्रीज पुसते, कपाटं लावते. मग दोन दिवस अंथरुणात. मग पुन्हा चांगला दिवस, पुन्हा पडदे. गटातले सगळे मान हलवतात, कारण प्रत्येकाचे आपापले पडदे असतात.

मग मोजणी. ओट्याशी उभं राहून कळ वाढेपर्यंत किती मिनिटं जातात, ते काही दिवस लिहून काढायचं. सरासरीतून पाचवा हिस्सा वजा करायचा. दहा मिनिटं येत असतील तर आठ. आठ मिनिटांनी मोबाइलचा गजर, आणि बसायचं. कणीक अर्धी मळलेली असली तरी. चांगला दिवस असला तरी. वाईट दिवशीही शक्यतो तितकंच. मग हळूहळू मिनिटं वाढवायची. लिहायला सोपं आहे. जिने आयुष्यभर 'हातातलं काम टाकून उठू नये' ऐकलंय तिला गजर झाल्यावर बसणं महाकठीण जातं. तिथे माझं काम सुरू होतं. बसल्यावर मनात काय येतं? 'आळशी झाले.' 'सून काय म्हणेल.' ते बोलायचं.

इथे 'प्रॅक्टिशनर सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायला एचसीपीसीची, म्हणजे आरोग्य-व्यावसायिकांची नोंदणी ठेवणाऱ्या इथल्या संस्थेची, नोंदणी लागते. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते. अभ्यासक्रमाचे नियम बदलत असतात, त्यामुळे प्रवेशाआधी आरसीआयची ताजी यादी बघ. आणि कुठेही शिकलीस तरी काही दिवस फिजिओच्या ओपीडीत मागे बसून बघ.

चंद्रभागा

रानजाईताई, तुमची आठ मिनिटं वाचली आणि वारी आठवली. मी पायी जाते. नवीन माणसाला वाटतं दमलो की थांबू. जुनी माणसं सांगतात, विसावा आला की थांब. पालखीचा विसावा ठरलेला असतो. तुम्ही दमला असा नसा, तिथे टेकायचंच. 'अजून दम आहे' म्हणून जो पुढे पळतो तो दिवेघाटात पाय धरून बसतो.

रानजाई

चंद्रभागा, हे मी सोमवारी गटात सांगणार. दुखण्याने थांबवायच्या आधी आपण थांबायचं, एवढंच तर आम्ही शिकवतो.

पंचगंगा_फिजिओ

सुंदर. पण ऊसतोडीला विसावा मुकादम ठरवतो. माझा प्रश्न तसाच आहे.

रानजाई

फिजिओदादा, तुमचा प्रश्न मी टाळलेला नाही, उत्तर अवघड आहे म्हणून थांबले होते.

जिथे कामाची पद्धतच शरीर मोडते तिथे मानसोपचाराने कंबर वाचवायला जाणं अन्याय आहे. इथेही गोदामात रात्रपाळी करणारे येतात. त्यांना आधी श्वासाचे व्यायाम शिकवत नाही. मालकाला पत्र लिहून देतो. २०१० च्या समानता कायद्यात दीर्घकाळ टिकलेलं, रोजचं जगणं अडवणारं दुखणं अपंगत्वात बसू शकतं आणि मालकाला कामात वाजवी बदल करावे लागतात. उंच टेबल, पाळी बदलणं, मधली विश्रांती. त्या पत्रासाठी जाणारा वेळ मी उपचारच समजते.

कोयत्यावरच्या बाईला असा कायद्याचा आधार हातात मिळत नाही, हे मला मान्य आहे. तिच्यासाठी मानसतज्ज्ञ काय करू शकेल? तिचं ऐकून घेणं, तिला 'काही झालेलं नाही' असं न सांगणं, झोपेचं बघणं, आणि तिच्या बाजूने लिहिणं-बोलणं. यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही.

निवांत_नागपूर

घरच्यांनी काय करावं, यावर कुणी बोललं नाही म्हणून विचारतो. बायकोला फायब्रोमायल्जिया. मी सगळं करतो. स्वयंपाक, कपडे, पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाही. तरी ती दिवसेंदिवस खचतेय आणि आताशा माझ्यावर चिडते. माझं कुठे चुकतं?

सौ_सांजवेळ

दादा, चुकत काही नाही. पण तिला विचारलंत का, की तिला काय करावंसं वाटतं?

रानजाई

निवांत, सांजवेळताईंनी माझं निम्मं उत्तर दिलं. अमेरिकेत सिॲटलला विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसतज्ज्ञ होते. त्यांनी दाखवून दिलं की भोवतालची माणसं दुखण्याला कसा प्रतिसाद देतात यावर माणसाच्या हालचाली बदलतात. प्रेमापोटी आपण सगळं हातातून काढून घेतलं की माणूस हळूहळू घरात पाहुणा होतो. चिडचिड त्याची असू शकते.

तिच्याबरोबर बसून एक काम निवडा, जे तिला महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला नव्हे. फोडणी घालणं असेल, कुंड्यांना पाणी असेल. ते तिचं. त्या वेळी मदतीला धावू नका, आणि कळ आली तर 'बघ, सांगितलं होतं' म्हणू नका. दिवसातून दहादा 'दुखतंय का' विचारण्याऐवजी एखादं दुसरं बोलणं काढा. आणि तुम्ही स्वतः कधी बाहेर पडता? तेही लिहा कधीतरी.

स्लाव_मराठी

लंडनजवळ राहतो. अवांतर आहे, पण आमच्या बाबांना वेदना-क्लिनिकला घेऊन गेलो तेव्हा दुभाषा मीच. बाबा पाच मिनिटं बोलले, मी म्हटलं, 'ही सेज इट्स द सेम.' नर्सने थांबवलं आणि पुढच्या वेळी फोनवर दुभाषा ठेवला. तेव्हा कळलं की आई गेल्यापासून ते रात्री खुर्चीत झोपत होते. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

रानजाई

स्लाव, हे अवांतर अजिबात नाही. मुलासमोर बाप सगळं बोलत नाही. म्हणून आम्ही घरच्यांना शक्यतो दुभाषा करत नाही. खुर्चीतल्या झोपेने मान धरलीच असेल, पण नुसत्या मानेवर उपचार करून काय झालं असतं?

सातपुडा

मी वर जरा तोडून बोललो. गोळ्यांबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण पाच जणांचा वेळ एका माणसाला, हे मला माहीत नव्हतं. भावाला पत्राचं सांगतो, तो गोदामातच आहे.

गोदाकाठ

सगळा धागा वाचला, दोनदा. आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर परत देतो.

एकट्या मानसतज्ज्ञाकडे पाठवलं असतं तर आजही उठून गेलो असतो. ते बदललेलं नाही. पण फिजिओ आणि मानसतज्ज्ञ एकत्र बसलेत, आधी कुणीतरी कंबरेला हात लावून नीट तपासलं, 'दुखतंय ते खरं आहे' असं मला, माझ्याकडे बघून सांगितलं, आणि मग विचारलं की झोप येते का, कशाची भीती वाटते, तर बोललो असतो. भीती होती. व्हीलचेअरची. अजून कुणी विचारलेली नाही.

तपासायच्या आधी मनाचं बोलू नका, एवढी अट घाला तुमच्या पहिल्या भेटीला.

रानजाई

गोदाकाठ, ही अट मान्य. जोडभेटीत आमच्याकडे काही वेळा वेळेअभावी आधी प्रश्नावल्या भरून घेतात आणि तपासणी नंतर होते. हा क्रम उलटा करावा म्हणून मी टीममध्ये मांडते.

पंचगंगा_फिजिओ

महाराष्ट्रात चालू शकेल का, यावर माझं एवढंच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली मानसतज्ज्ञ आमच्या तालुक्याला ठरलेल्या दिवशी येते. तिची ओपीडी वेगळ्या खोलीत आणि दारावर 'मानसिक' अशी पाटी, त्यामुळे माझा एकही पेशंट तिकडे वळत नाही. तिला माझ्या खोलीत बसायला विचारतो. पाटी नको, खुर्ची पुरे. ताई, तपासणीनंतर विचारायचे चार-पाच प्रश्न साध्या मराठीत लिहून द्याल का?

रानजाई

लगेच देते. तुमच्या भागाप्रमाणे शब्द बदला.

या दुखण्यामुळे तुमचं काय काय सुटलं? त्यातलं पहिलं काय परत हवंय?
दुखायला लागलं की मनात काय भीती येते?
रात्री झोप कशी लागते, कुठे झोपता?
चांगल्या दिवशी काय करता, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कसं असतं?
घरात हे कुणाला माहीत आहे?

कुणी 'जगावंसं वाटत नाही' म्हणालं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, तिथेच विचारा आणि मानसतज्ज्ञाशी त्याच दिवशी गाठ घालून द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मराठीतही चालतो, तो खोलीत लावून ठेवा.

पंचगंगा_फिजिओ

घेतले. 'काय परत हवंय' हा प्रश्न मी आजवर कुणाला विचारलेला नाही. उद्या पहिल्याच पेशंटला विचारतो, भातलावणीची आहे. उत्तर इथे लिहीन.

नवी_पालवी

फिजिओदादा, सुट्टीत तुमच्या ओपीडीत मागे बसायला आले तर चालेल का? व्यक्तिगत निरोप पाठवते.